चार बॅगांची परवानगी, तीन बॅगा आणि एक चुकलेली सीट

छत्रपती संभाजीनगरहून अमेरिकेतल्या ओहायो राज्यात, कोलंबसला, लेकीच्या बाळंतपणाला गेलेल्या एका जोडप्याच्या प्रवासाचं हे प्रकरण आहे. तिकिटं काढून देणं हा माझा धंदा, त्यामुळे या प्रवासातल्या निम्म्या निर्णयांत माझा हात होता आणि एक चूक तर सरळ माझीच होती. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. दोघांना मी काका-काकू म्हणतो, इथेही तेच म्हणेन. विमान कंपनीचं नाव मुद्दाम घेत नाही. कुठल्याही कंपनीत हे असंच घडू शकलं असतं.

पार्श्वभूमी

काका ७० वर्षांचे, सरकारी नोकरीतून निवृत्त. मधुमेह आहे, इन्सुलिन चालू आहे, रात्रीतून तीनदा उठावं लागतं. पण रोज सकाळी चार किलोमीटर चालतात. काकू ६६ च्या. दोन्ही गुडघे गेलेले. डॉक्टर ऑपरेशन सांगतात आणि काकू म्हणतात, "आधी लेकीचं उरकू द्या." काका पूर्वी दोनदा विमानाने दिल्लीला गेले होते. काकूंचा हा पहिलाच विमानप्रवास.

लेकीची तारीख नोव्हेंबर २०२५ च्या दुसऱ्या आठवड्यातली. ऑक्टोबरच्या मध्यावर निघायचं ठरलं. मार्ग मुंबई, आखातातलं एक विमानतळ, शिकागो आणि मग कोलंबस. पहिला टप्पा तीनेक तासांचा, दुसरा चौदा-पंधरा तासांचा, शेवटचा तासाभराच्या वर थोडा. खरी परीक्षा मधल्या टप्प्याची.

अडचण काय होती

लेकीने तिकडे बसून वेबसाइटवर सगळ्यात स्वस्त भाडं शोधून ठेवलं होतं. तिचा फोन आला, "दादा, हे बुक करून टाकू का? उद्या वाढेल." मी तिला एक रात्र थांबायला सांगितलं. त्या भाड्यात माणशी एकच बॅग होती आणि सीट कंपनी देईल ती. त्याच्या वरच्या भाड्यात माणशी २३ किलोच्या दोन बॅगा होत्या आणि साधी सीट आधी निवडता येत होती. पाय पसरायला जागा असलेल्या सीटला त्यातही वेगळे पैसे.

दुसऱ्या दिवशी काका-काकू दुकानात आले तेव्हा लक्षात आलं की आमच्यातला प्रत्येक जण वेगळंच तिकीट बघतोय. लेक पैसे बघत होती. काकू डिंकाचे लाडू किती मावतील ते बघत होत्या. काका विमानात संडास कुठे असतो ते विचारत होते. आणि मी काकूंच्या गुडघ्यांकडे बघून मनात पुढची मोकळी रांग नक्की करून बसलो होतो. काकू जाता जाता एवढंच म्हणाल्या, "खिडकी नको, काही नको. यांच्या शेजारी बसू द्या." ते वाक्य मी ऐकलं, पण लिहून घेतलं नाही.

शिवाय आणखी एक गाठ होती, ती त्या दोघांना माहीतच नव्हती. मुंबईत बॅगांना कोलंबसपर्यंतचा टॅग लागला तरी शिकागोला उतरल्यावर त्या पट्ट्यावरून स्वतः उचलायच्या, कस्टम्समधून बाहेर काढायच्या आणि पुढच्या विमानासाठी पुन्हा जमा करायच्या. अमेरिकेत पाऊल ठेवता ते पहिलं विमानतळ जे असेल तिथे बहुतेक वेळा हे करावं लागतं. म्हणजे चार बॅगांची परवानगी असली तरी शिकागोच्या पट्ट्यावरून २३-२३ किलो ओढून काढणारे हात दोनच, काकांचे.

समोरचे पर्याय

संभाजीनगर ते मुंबई. पहिला विचार विमानाचा होता. पण आमच्या मार्गाच्या तिकिटात हा टप्पा जोडून मिळत नव्हता, वेगळं तिकीट काढावं लागलं असतं. वेगळं तिकीट म्हणजे वेगळा पीएनआर, आणि सामानाचे नियमही त्या देशांतर्गत तिकिटाचे, म्हणजे माणशी १५ किलो. पुढचं आंतरराष्ट्रीय तिकीट दाखवलं तर काही कंपन्या सूट देतात, पण ते आधी लेखी विचारून घ्यावं लागतं. काउंटरवर जाऊन हुज्जत घालायची ही गोष्ट नाही. त्यात ते विमान सांताक्रूझच्या टी-१ ला उतरलं तर बॅगा घेऊन टॅक्सीने सहारच्या टी-२ ला जाणं आलंच. रेल्वेचाही विचार झाला. एसी टू-टियरला माणशी ५० किलो सामान चालतं, तिथे वजनाची चिंता नाही. पण बॅगा गाडीत चढवणं आणि दादरला उतरवणं गुडघ्यांच्या हिशोबात बसेना. राहिली भाड्याची गाडी. भिवंडीजवळच्या आमणेपर्यंत समृद्धी महामार्ग झाल्यापासून आमच्या गावची माणसं विमानतळासाठी तोच रस्ता धरतात. विमान पहाटेचं होतं, त्यामुळे दुपारी निघून रात्री आरामात पोचता येणार होतं. या निर्णयाला पाच मिनिटं लागली.

भाडं. दोन भाड्यांमधला फरक लेकीला खटकत होता. तिचं म्हणणं चूक नव्हतं, कारण सीट निवडणं सक्तीचं नसतं. सामान, पसंतीची सीट, जेवण यांचे वेगळे पैसे लावायला आपल्याकडे नियमाने परवानगी आहे, पण ते प्रवाशाने स्वतः मागितले तरच. न निवडता बसलं तरी सीट मिळतेच. प्रश्न कुठली मिळते याचा आहे. बारा वर्षांखालच्या मुलाला त्याच पीएनआरवरच्या आई किंवा वडिलांजवळ बसवा, असं डीजीसीएने, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, २०२४ मध्ये कंपन्यांना सांगितलं. सत्तरीच्या नवऱ्याशेजारी बायकोला बसवा असं तेव्हा कुणी कुणाला सांगितलेलं नव्हतं.

सीट. लांबच्या टप्प्याला बोइंग ७७७ होतं. आडव्या रांगेत दहा सीटा, तीन-चार-तीन अशा. डावीकडे ए, बी, सी. मधे डी, ई, एफ, जी. उजवीकडे एच, जे, के. आय हे अक्षर वगळतात, १ च्या आकड्याशी गल्लत होऊ नये म्हणून. मी काका-काकूंसमोर कागदावर हे चौकोन काढले आणि एकेक जोडी तपासली.

ए-बी म्हणजे खिडकी आणि मधली. काकांना रात्री तीनदा उठायचं तर सीवरच्या अनोळखी माणसाला तीनदा उठवायचं. बाद. बी-सी घेतली तर काका सीवर, मार्गिकेला लागून. पण एवरचा माणूस बाहेर पडताना दोघांनाही उभं राहावं लागणार आणि काकूंचं उभं राहणं म्हणजे पाच मिनिटांचा कार्यक्रम. डी-ई म्हणजे मधल्या चौकडीचं एक टोक. इथे एक खुबी आहे. एफवरचा माणूस जीच्या बाजूने बाहेर पडतो, त्यामुळे डी-ईवरच्या दोघांच्या अंगावरून तिसरं कुणी जात नाही. काका डीवर बसले तर त्यांना मार्गिका, काकूंना शेजार, आणि उठायचं झालं तर एकमेकांनाच सांगायचं.

ही जोडी त्या दिवशी सीटांच्या नकाशात सत्ताविसाव्या रांगेत रिकामी होती. भाड्यात फुकट मिळत होती. ती मी घेतली नाही.

मी घेतली भिंतीमागची पहिली रांग, वेगळे पैसे भरून. समोर सीट नाही, पाय लांब करता येतात, गुडघ्यांना आराम. आपत्कालीन दरवाजाजवळच्या रांगेत त्याहूनही जास्त जागा असते, पण तिथे प्रसंगी दरवाजा उघडायला मदत करू शकेल असाच माणूस बसवतात. व्हीलचेअर मागितलेल्या बाईंना ती मिळणार नाही हे मला ठाऊक होतं. भिंतीमागच्या रांगेचे तोटेही ऐकून माहीत होते, पण गुडघ्यांपुढे ते किरकोळ वाटले.

बॅगा किती. हा सगळ्यात मोठा वाद, म्हणून त्यावर सविस्तर लिहितो.

वजनाचा दिवस

निघण्याच्या बारा दिवस आधी मी त्यांच्या घरी गेलो. काकूंनी दिवाणखान्यात जुनी चादर अंथरून सगळं मांडून ठेवलं होतं. डिंकाचे लाडू, मेथीचे लाडू, खारीक, सुंठ, बाळंतशोपा, गोडा मसाला, काळा मसाला, कुरडया, सांडगे, दोन बरण्या लोणचं, बाळाची झबली-टोपडी, दुपटी, तान्ह्या बाळाला न्हाऊ घालायची तांब्याची घंगाळी (ती मी तिथल्या तिथे बाजूला काढली), काकांची पुस्तकं आणि सहा महिन्यांची औषधं. चार बॅगा मोकळ्या उघडून ठेवलेल्या.

"चार मिळतात ना? मग चार भरू," काकू म्हणाल्या.

काटा घरचाच. काका आधी एकटे उभे राहिले, ६४ किलो. मग एक बॅग छातीशी धरून उभे राहिले, ९०. म्हणजे बॅग २६ ची. ती खाली ठेवून ते खुर्चीत बसले आणि दोन मिनिटं काही बोललेच नाहीत. मी म्हटलं, "काका, असंच शिकागोच्या पट्ट्यावरून चार वेळा उचलायचंय. आणि पट्टा फिरता असतो." काकूंचा आग्रह तिथे मोडला. मी नियम सांगून तो मोडला नसता.

मग निवड झाली. कोलंबसला इंडियन ग्रोसरीत काय मिळतं याची यादी लेकीने फोनवर वाचून दाखवली. मसाल्यांतला एकच राहिला, काकूंच्या हातचा काळा. कुरडया अर्ध्या झाल्या. लोणच्याची एक बरणी राहिली, तीही मोठ्या बॅगेत, तीन पिशव्यांत गुंडाळून. हातातल्या बॅगेत १०० मिलिलिटरच्या वर पातळ पदार्थ चालत नाही आणि सुरक्षा तपासणीत लोणचंही त्यातच धरतात.

देवाच्या पिशवीत कापूर होता, आणि ओटीच्या सामानात खोबऱ्याच्या वाट्या. दोन्ही काढायला लावले. सुकं खोबरं विमानात का चालत नाही हे कुणालाच पटत नाही. त्यात तेल इतकं असतं की ढिगात ते आपोआप तापू शकतं, आणि धोकादायक मालाच्या यादीत त्याला स्वतंत्र क्रमांक आहे, यूएन १३६३. कापूर ज्वालाग्राही, त्याचा क्रमांक यूएन २७१७. काकू म्हणाल्या, "लाडवात खोबरं आहेच की." किसून, भाजून, डिंक-गुळात बांधलेलं खोबरं निराळं आणि अख्खी वाटी निराळी, हे सांगताना माझीच तारांबळ झाली. पॉवर बँक उलट नियमाची. ती मोठ्या बॅगेत अजिबात नाही, हातातच.

शेवटी तीन बॅगा झाल्या. २१, २० आणि १७ किलो. चौथीची परवानगी तशीच सोडून दिली. मी दोघांचे कपडे मिसळून तिन्ही बॅगांत वाटले, एक बॅग मागे राहिली तरी कुणी नेसत्या वस्त्रानिशी राहू नये म्हणून. लाडूही वाटायला सांगितले. ते मात्र काकूंनी ऐकलं नाही. "फुटतील. एका डब्यात घट्ट बसतात." स्टीलचा डबा १७ किलोच्या बॅगेत गेला. औषधं आणि इन्सुलिन हातातल्या बॅगेत, डॉक्टरांच्या चिठ्ठीसह. विमानाच्या पोटात तापमान किती उतरेल याचा भरवसा नसतो आणि गोठलेलं इन्सुलिन फेकूनच द्यावं लागतं.

तिन्ही बॅगांच्या दांड्यांना काकूंनी एका जुन्या इरकलीचा हिरवा-लाल काठ फाडून बांधला. लाल रिबन तर सगळेच बांधतात. मी प्रत्येक बॅगेचा फोटो काढून काकांच्या फोनवर ठेवला.

व्हीलचेअर एकट्या काकूंसाठी मागितली. लेक म्हणत होती दोघांसाठी मागा. पण दोन खुर्च्या ढकलणाऱ्यांत सामानाची ट्रॉली ढकलणारं कुणी उरत नाही. काका चालू शकतात तर चालू द्यावं, असं ठरलं.

मधेच बदललेला नकाशा

निघायला दहा दिवस असताना मी सवयीने बुकिंग उघडून पाहिलं, तर लांबच्या टप्प्यावर काकांची सीट खिडकीची दिसली आणि काकूंची तेरा रांगा मागे, मधली. कंपनीने विमान बदललं होतं. बोइंग ७७७ च, पण आतली मांडणी वेगळी, त्यामुळे रांगांचे आकडे सरकले आणि यंत्राने सीटा नव्याने वाटून टाकल्या. लेकीला ईमेल गेला होता. जाहिरातींच्या गठ्ठ्यात पडून होता.

फोनवर पाऊण तास गेला. भिंतीमागची रांग संपलेली. डी-ईची एकही जोडी शिल्लक नाही. उरल्या होत्या त्यात बरी म्हणावी अशी जोडी एकच, एकाच रांगेतल्या सी आणि डी. मधे मार्गिका, दोघेही मार्गिकेला लागून. मी घेतली. भरलेले जादा पैसे आपोआप परत आले नाहीत. अर्ज केल्यावर पाच आठवड्यांनी आले.

इथे थांबून विचार करायला हवा होता. सीवर काका ठीक होते. पण डीवर काकू म्हणजे ईवरचा माणूस उठला की काकूंनी उठायचं. अदलाबदल केली तर काकूंच्या अंगावरून ए आणि बी असे दोघे जाणार, ते अजून वाईट. म्हणून डी. पण काही सीटा विमानतळावरच्या काउंटरसाठी राखून ठेवतात, त्या शेवटच्या दिवशी सुटतात, आणि गुडघ्यांचं कारण सांगून मागितलं तर बहुतेक वेळा माणसं ऐकतात. हे काकांना सांगायचं माझ्याकडून राहिलं. आणि ऑनलाइन चेक-इन उघडल्यावर नकाशा पुन्हा बघायचा होता, त्या दिवशी आमच्याकडे लग्न होतं.

प्रवासाचा दिवस

गाडी दारात उभी असताना शेजारच्या वहिनी एक पुडकं घेऊन आल्या. त्यांचा मुलगाही कोलंबसलाच. "एवढंसं आहे. फराळाचं." काकांनी भिडेखातर घेतलं, १७ किलोच्या बॅगेत जागा होतीच. पुडकं टेपने बंद केलेलं. काकूंनी उघडून बघावं असं सुचवलं होतं म्हणे. काका म्हणाले, "बरं दिसतं का ते?"

मुंबईला बॅगा जमा झाल्या, हातातल्या बॅगाही काउंटरवर तोलल्या. काकांची ७ किलोच्या थोडी वर भरली, तेव्हा त्यांनी जाडजूड पुस्तक काढून स्वेटरच्या खिशात घातलं. पुढे इमिग्रेशन झालं, आणि गेटजवळ काकांच्या नावाचा पुकारा झाला. सामान तपासणीत बॅग बाजूला काढली होती. काकांना खाली नेलं, त्यांच्यासमोर बॅग उघडली, पुडकं फोडलं. आत चिवडा, शंकरपाळे, दहा खोबऱ्याच्या वाट्या आणि कापराची डबी.

कुणी रागावलं नाही, काकांनीच मला नंतर सांगितलं. वस्तू काढल्या, कागदावर सही घेतली, झालं. पण काकू गेटवर व्हीलचेअरमध्ये एकट्या, फोन काकांच्या खिशात, आणि जवळपास चाळीस मिनिटं नवऱ्याचा पत्ता नाही. संपूर्ण प्रवासातलं सगळ्यात वाईट काय, असं विचारलं तर काकू अजूनही तेच सांगतात. गुडघे दुसऱ्या नंबरवर येतात.

पहिल्या टप्प्याला भिंतीमागची रांग कायम होती आणि तिथेच माझी चूक उघडी पडली. समोर सीट नाही म्हणजे समोरच्या सीटखाली पिशवी ठेवायला जागाही नाही. उड्डाण आणि उतरताना सगळं वरच्या कप्प्यात. काकांची इन्सुलिनची पिशवी वर गेली, आणि पट्टा बांधायचा दिवा बराच वेळ जळत राहिल्याने जेवण आलं तेव्हा ती हातात नव्हती. एअर होस्टेसने काढून दिली, पण काकांना मागावी लागली. जेवणाचं टेबल सीटच्या हातात (आर्मरेस्टमध्ये) बसवलेलं, त्यामुळे तो हात वर होत नाही. सीट थोडी अरुंद आणि काकूंना आडवं टेकता येईना. शेजारी पाळण्यातलं बाळ. त्याची तक्रार बाळंतपणाला निघालेल्या माणसांनी काय करायची!

लांबच्या टप्प्यावर ईवर एक तरुण मुलगा होता. चांगला होता, प्रत्येक वेळी "सॉरी आंटी" म्हणायचा. चार वेळा उठला. तिसऱ्या वेळेपासून काकू उठण्याऐवजी पाय मार्गिकेत वळवून ठेवायला लागल्या, आणि एकदा जेवणाची ट्रॉली गुडघ्याला घासून गेली. काका मात्र हवे तेव्हा उठले. विमान सुटताना काकूंनी मार्गिकेतून हात पुढे केला, काकांनी धरला. बाजूने जाणाऱ्या एअर होस्टेसने काही म्हटलं नाही.

शिकागोला काय झालं

शिकागोला पट्ट्यावरून दोन बॅगा आल्या. तिसरी आली नाही. मुंबईत उघडली होती तीच. त्यामुळेच मागे राहिली असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. सामान मागे राहायला दहा कारणं असतात. पण राहिली ती तीच.

व्हीलचेअर ढकलणाऱ्या माणसाने त्यांना सामानाच्या काउंटरवर नेलं. काकांनी पासपोर्टच्या मागे चिकटवलेली टॅगची पावती दाखवली, फोनवरचा फोटो दाखवला आणि हिरव्या-लाल काठावर बोट ठेवलं. तक्रारीचा कागद मिळाला, त्यावर शोध घ्यायचा क्रमांक. तो कागद हातात न घेता विमानतळाबाहेर पडायचं नाही, हे मी त्यांना तीनदा बजावलं होतं. मॉन्ट्रियल करारानुसार उशिरा आलेल्या सामानाची लेखी तक्रार बॅग हातात आल्यापासून २१ दिवसांत आणि मोडतोडीची ७ दिवसांत करावी लागते. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर ती हरवली असं धरतात. भरपाईची मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून माणशी १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर म्हणजे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशोबाचं एकक. हे मी कागदावर लिहून दिलं होतं, काकांनी ते काउंटरवर काढून वाचलंसुद्धा. माणूस शिक्षकासारखा काटेकोर आहे.

कस्टम्सला खाण्याचे पदार्थ आहेत का, असं विचारलं. लेकीने इंग्रजीत टाइप करून दिलेली यादी काकांनी पुढे केली. अधिकाऱ्याने वाचली, लोणच्याबद्दल एक प्रश्न विचारला आणि जाऊ दिलं. सांगितलं तर फार तर एखादी वस्तू काढून घेतात. लपवलं तर दंड होतो, म्हणून यादी.

पुढच्या विमानाला साडेतीन तास होते. एवढं सगळं होऊनही एक तास उरला. लेकीने सुरुवातीला दीड तासाची जोडणी पसंत केली होती, घरी लवकर येतील म्हणून. तेव्हा मी हट्ट धरला होता, आणि या प्रकरणात मी धरलेला तो एकमेव बरोबर हट्ट.

निष्पत्ती

दोघांकडे कपडे होते, औषधं होती. तिसरी बॅग तिसऱ्या दिवशी घरपोच आली. आत तपासणी केल्याची छापील चिठ्ठी होती आणि स्टीलच्या डब्याचं झाकण वाकलेलं. सहा लाडू फुटले, बाकीचे शाबूत. बाळ ठरल्या तारखेच्या चार दिवस आधी आलं.

तेवढ्या तीन दिवसांत लेकीने आईसाठी लोकरी मोजे आणि एक शाल घेतली होती, कारण दोन्ही जाड शाली त्याच बॅगेत होत्या. पावत्या ठेवायला सांगितल्या होत्या, ठेवल्या नव्हत्या. तो खर्च बुडाला.

पुन्हा करायचं तर

सीट निवडताना पाय किती लांब होतील हे विचारण्याआधी, माणूस किती वेळा उठणार आणि त्याच्यावरून किती जण जाणार हे विचारेन. गुडघे दुखणाऱ्याला लांब जागेपेक्षा न उठण्याचं स्वातंत्र्य जास्त उपयोगी, हे मला काकूंनी शिकवलं. डी-ई घेतली असती तर विमान बदलल्यावर तीही गेली असती कदाचित. पण फुकटची सीट गेली असती, पैसे भरलेली नव्हे, आणि नकाशात अशा जोड्या बऱ्याच असल्याने दुसरी मिळण्याची शक्यता जास्त होती. बुकिंग दर चार-पाच दिवसांनी उघडून बघणं आता मी कामाच्या यादीतच लिहून ठेवलंय.

बॅगांच्या संख्येबाबत बदलणार नाही, तीनच. ज्या बॅगेत एकच महत्त्वाची वस्तू आहे ती बॅग मागे राहते, असा माझा अंधश्रद्धेजवळ जाणारा अनुभव आहे, म्हणून लाडवांचे दोन डबे करायला लावेन. दोघांचे फोन वेगवेगळे आणि दोघांच्याही हातात. काकांचं नाव पुकारलं गेलं त्या चाळीस मिनिटांत काकूंजवळ फोन असता तर अर्धा घोर टळला असता.

पुडक्याचं काय करावं, यावर मात्र माझ्याकडे नीट उत्तर नाही. टेपने बंद केलेलं पुडकं घेऊ नये हे सगळ्यांनाच माहीत असतं. चेक-इनच्या काउंटरवर विचारतातही, दुसऱ्या कुणी काही दिलंय का? आपल्याकडे मान हलवून नाही म्हणायची पद्धत आहे. काकांना नियम माहीत होता. तीस वर्षांपासूनच्या शेजारणीसमोर गाडीच्या दारात तो बोलता आला नाही, एवढंच.

परतीची तिकिटं मी या आठवड्यात पक्की केली. लांबच्या टप्प्यावर रांग २९, डी आणि ई. येताना बॅगा चार, त्याला इलाज नाही. मुंबईला उतरवून घ्यायला पुतण्या येणार आहे. काल काकूंचा फोन होता. वहिनींच्या मुलाने आईसाठी एक खोकं आणून दिलंय म्हणे, टेप लावलेलं. "मग?" मी विचारलं.

"मग काय, यांनी सुरी आणून त्याच्याच हातात दिली."